अंगणवाडीचा पट आणि आईच्या वयाचा रकाना



मागच्या महिन्यात एका गावी गटाची बैठक अंगणवाडीतच भरली होती. बैठक सुटल्यावर सेविकाताईंनी मला नोंदवही दाखवली. पट लहानच. मुलांची नावं, जन्मतारखा सगळं व्यवस्थित. पण आईच्या वयाच्या रकान्यात एकाखाली एक १९, १९, १९. मी विचारलं तर ताई हसल्या. म्हणाल्या, "घरचे सांगतात ते लिहिते."

आता साधा हिशोब करा. आईच्या वयातून लेकराचं वय वजा करायचं. आई १९ ची आणि लेकरू ३ वर्षांचं, म्हणजे बाळंतपण सोळाव्या वर्षी. १९ सांगून लपलं काय?

हे एका गावचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या दर १०० जणींत जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींत सात-आठ जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

मग त्या पटावर का दिसत नाहीत? कारण बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची, आणि त्याला मदत करायची अंगणवाडी सेविकेनं. जिच्याकडे नाव नोंदवायचं तिचीच भीती! म्हणून पोरीला माहेरी धाडतात आणि तिचं नाव ना इथं लागतं ना तिथं.

यात नुकसान कुणाचं होतं बघा. बाळाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो, पुढे सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत गरम जेवण. गरोदर आणि स्तनदा मातेलाही आहार आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हा हक्क दिलाय, त्याला आईच्या वयाची अट नाही. अट आहे ती मातृवंदना योजनेच्या पैशाला. दोन्हीची गल्लत करून कित्येक घरं अंगणवाडीची पायरीच चढत नाहीत.

अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे खरंय. पण त्या धाकानं दवाखाना टाळला तर तिच्या जिवावर बेतू शकतं. मला विचाराल तर लग्न अडवायचं ते हळद लागायच्या आधी, १०९८ ला फोन करून. बाळ झाल्यावर त्याचं नाव दडवण्यात काय अर्थ आहे?

तुमच्या आळीत अशी सून असेल तर सासूशी गटातल्याच कुणी बोला. मी बोलले की त्यांना सरकारी माणूस आल्यासारखं वाटतं. आणि लेकरू तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत बसायला लागलं की आईला सकाळचे काही तास मोकळे मिळतात. दहावी राहिली असेल तर तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं. जवळच्या हायस्कुलात चौकशी करा, नाहीतर पुढच्या बैठकीत मला सांगा, आपण मिळून जाऊ.