नादकाट्याचा आवाज कुठे गेला?

ध्वनीचा पाठ कधी व्हिडिओ कॉलवरून घेतला असेल, तर हा अनुभव तुम्हाला आला असेल. नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून माइकजवळ धरला की पलीकडच्या मुलांना स्वर क्षणभर ऐकू येतो आणि मग विरून जातो. इकडे शिक्षकांच्या कानाशी काटा मात्र घुमतच असतो. तंबोऱ्यावर गाणे शिकवणाऱ्यांची तक्रारही हीच: गळा पोचतो, तंबोरा पोचत नाही. 'नेट कमी पडले' असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण पुष्कळदा नेटचा काही दोष नसतो. तो आवाज आपल्याच संगणकाने गाळलेला असतो.

झूम, गूगल मीट, टीम्स ही सॉफ्टवेअरे माणसांच्या संभाषणासाठी बनवलेली आहेत. बोलणे स्पष्ट पोचावे म्हणून ती बाकीचे आवाज काढून टाकतात. गोंगाट कोणता आणि बोलणे कोणते हे यंत्राला कसे कळते? बोलताना प्रत्येक अक्षरागणिक आवाज चढतो, उतरतो, मध्येच थांबतो. पंखा किंवा पाण्याची मोटार एकाच सुरात चालू राहते. तेव्हा जे एकसारखे चालू आहे तो गोंगाट, असा साधा नियम करता येतो. स्टीव्हन बोल यांनी 1979 मध्ये मांडलेली रीत याच विचारावर उभी आहे. बोलण्यातल्या विरामात मागच्या गोंगाटाचा वर्णपट मोजायचा आणि तो एकूण ध्वनीच्या वर्णपटातून वजा करायचा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूरल नेटवर्क असते. बोलण्याचे आणि नाना गोंगाटांचे नमुने दाखवून ते शिकवलेले असते. रीत कोणतीही असो, तिच्या लेखी 256 हर्ट्झचा अखंड स्वर देणारा नादकाटा हा एक पंखाच!

दुसरी करामत याहून फसवी आहे. माइकची आवाजपातळी सॉफ्टवेअर आपोआप कमीजास्त करते. हळू बोलणाऱ्याचा आवाज वाढवायचा, मोठ्याने बोलणाऱ्याचा उतरवायचा. सभेसाठी हे सोयीचे. पण समजा, अंतर वाढले की ध्वनीची तीव्रता घटते हे तुम्हाला दाखवायचे आहे. वाजता बझर घेऊन तुम्ही माइकपासून दूर जाता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश व्हायला हवी. सॉफ्टवेअर मात्र तुमच्या मागोमाग आवाज वाढवत राहते, आणि रेकॉर्डिंग ऐकणारी मुलगी वहीत लिहिते, 'अंतराने फारसा फरक पडत नाही.' तिने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले. मापनापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आहे का हे आपण पाहतोच. या यंत्राचीही तशीच तपासणी करायला हवी.

तिसरे काम प्रतिध्वनी काढण्याचे. तुमच्या स्पीकरमधून आलेला पलीकडचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरून परत जाऊ नये, यासाठी ते लागते. हा प्रश्न जुना आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. तिथपर्यंत जाऊन खाली यायला रेडिओतरंगांना जवळजवळ पाव सेकंद लागतो. म्हणजे उपग्रहावरून फोन केला की आपलेच शब्द अर्ध्या सेकंदाने परत कानावर येत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये 1960 नंतरच्या दशकात यावर तोड निघाली. त्या कामात मन मोहन सोंधी यांचा मोठा वाटा होता. ते आपल्याकडच्या, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. स्पीकरमधून काय गेले हे यंत्राला ठाऊक असतेच. खोलीत आदळून ते माइकपाशी कसे पोचेल याचा यंत्र अंदाज बांधते, चूक मोजून तो सतत सुधारते आणि तेवढा भाग वजा करते. अंदाज थोडा चुकला की त्यासोबत तुमचा आवाजही कापला जातो.

हे सगळे बंद करता येते. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असा पर्याय आहे. तो निवडावा, त्याखालचा 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' चालू करावा आणि माइकची पातळी आपोआप बदलण्याच्या पर्यायावरची खूण काढावी. मीटिंग सुरू झाल्यावर पडद्यावर त्याच नावाचे बटण येते. तेही चालू आहे ना, हे पाहावे. टीम्समध्ये असाच म्युझिक मोड आहे. मीटमध्ये गोंगाट काढण्याची सोय बंद करता येते. आवृत्तीनुसार पर्यायांची जागा बदलते, पण थोडे शोधले की ते सापडतात.

प्रतिध्वनी काढणे बंद केले तर कानाला इअरफोन हवाच, नाहीतर शिट्टी वाजू लागेल. तो तारेचा असावा. बहुतेक ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जाते. मग सेकंदाला 8,000 किंवा 16,000 नमुनेच घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक वारंवारता नोंदता येत नाही, म्हणून 4,000 किंवा 8,000 हर्ट्झच्या वरचे सगळे नाहीसे होते. 'स' आणि 'श' यांतला फरक पुष्कळसा वरच्याच पट्ट्यात असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना 'शहामृगातला श' म्हणावे लागते.

महागडा माइक घेण्याआधी आहे तो जवळ आणा. एक मीटरऐवजी 20 सेंटिमीटरवर ठेवला तर थेट येणारी तीव्रता 25 पट होते. पंखा आणि भिंतींवरून येणारा निनाद मात्र तेवढाच राहतो.

आता मुख्य अडचण. संभाषणात विलंब चालत नाही. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणून वाटेत हरवलेल्या माहितीच्या तुकड्याची वाट सहसा पाहिली जात नाही. जागा अंदाजाने भरून पुढे जायचे. रेकॉर्डिंगला अशी घाई नसते, तरी कॉलचे रेकॉर्डिंग ही त्या घाईचीच नोंद असते. यावर उपाय साधा आहे. ज्याने त्याने आपला आवाज आपल्या जागी नोंदवावा. झूममध्ये संगणकावर रेकॉर्डिंग करताना प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल मागता येते, पण पाहुण्यांचा आवाज नेटवरूनच आलेला असतो. पाहुण्यांना त्यांचा मोबाइल समोर ठेवून त्यावरही रेकॉर्डिंग करायला सांगावे. सुरुवातीला त्यांनी एक टाळी वाजवावी. जुळवणीसाठी ती खूण पुरते. शेवटीही एक हवी, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत 50 भागांचा फरक असला, तरी तासाभरात 0.18 सेकंदाची फारकत होते.

चित्राची कथा तीच. 1280 गुणिले 720 बिंदूंची, दर बिंदूला 24 बिटांची, सेकंदाला 30 चित्रे म्हणजे सुमारे 66 कोटी बिट. प्रत्यक्षात जातात तेरा-चौदा लाखांच्या आसपास. पाचशेतला एक भाग ठेवायचा, तर न हललेले पुन्हा पाठवायचे नाही आणि बारीक तपशील सोडून द्यायचा. म्हणून स्थिर कॅमेरा, भरपूर उजेड आणि साधी भिंत यांनी चित्र खरोखरच सुधारते. अंधुक उजेडात कॅमेरा दाणेदार चित्र देतो, आणि दाणे दर चित्रात बदलत असल्याने बिट त्यांच्यावरच खर्ची पडतात. खिडकी पाठीमागे नको, समोर असावी. ट्यूबलाइटच्या उजेडात सरकते पट्टे दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 ऐवजी 50 हर्ट्झ निवडावे. खोटी पार्श्वभूमी मात्र प्रयोगाच्या तासाला कधीही लावू नये. चेहरा राहतो आणि हातातली परीक्षानळी गायब होते. लंबकाचा आवर्तनकालही कॉलच्या चित्रफितीवरून मोजायला देऊ नये. त्यातली चित्रे समान अंतराने आलेली असतीलच असे नाही.

विद्यार्थ्यांकडून हे तपासून घेता येईल. कॉल लावून पलीकडच्या संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करावे. हार्मोनियमचा एकच स्वर 20 सेकंद धरावा, एकदा गोंगाट काढण्याची सोय पूर्ण चालू ठेवून आणि एकदा 'ओरिजिनल साउंड' लावून. दोन्ही फाइली ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक उघडाव्यात. कितव्या सेकंदाला आयाम घटू लागतो ते मोजावे, आणि मग स्वर धरून ठेवण्याऐवजी भाता थांबवत थांबवत तोच स्वर तुटक वाजवून पाहावा.