आशाताई आजारी पडली तर?

गव्हाणीपाशी कामगार जखमी झाला तर भरपाई मिळते, हे सभासद बंधू-भगिनी जाणतातच. तसा कायदा १९२३ सालीच झाला. पण वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताईचे काय? कोरोनात केंद्राने ३० मार्च २०२० पासून आरोग्यसेवकांना ५० लाखांचा विमा दिला, त्यात आशाही होत्या. मात्र पैसे मृत्यूनंतरच! ताई महिनाभर अंथरुणाला खिळली, तर त्या विम्यातून छदामही नाही. सरकारदप्तरी ती ‘स्वयंसेविका’. तिला पगार नाही, मोबदला. मग भरपगारी रजा कुठली? २०२४ मध्ये राज्य सरकारने अपघाती मृत्यूस १० लाख, कायमच्या अपंगत्वास ५ लाख मंजूर केले. बरे झाले. पण क्षयरोग्याच्या घरी जाऊन क्षयच जडला, तर त्याला अपघात म्हणायचे का? आमच्या मते, येत्या ग्रामसभेत सभासदांनीच हे विचारावे.