नवगावचे कबरस्तान कसे पाहावे

अलिबागहून किहीमच्या बाजूला निघाले की किनाऱ्यालगत नवगाव लागते. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या; लाटांबरोबर आलेली प्रेते इथेच पुरली गेली. वाचलेल्यांचा वंश कुलाबा जिल्ह्यात पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला.

वाटाड्याबरोबर इथे फेरी काढायची तर शनिवारचा हा नियम पाहुण्यांनाही लागू. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. तेवढा वेळ आणि यहुदी सणांचे दिवस सोडून जायचे. आधी अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये चौकशी करावी. पुरुषांनी डोके झाकावे. कबरीवर बसू नये, तिच्यावरून चालू नये.

सुरुवात जुन्या भागापासून करावी. बुडालेल्यांचे म्हणून दाखवले जाणारे उंचवटे आणि स्मारकस्तंभ इथे आहेत. जुन्या कबरींच्या ओबडधोबड दगडांवर अक्षरच नाही, त्यामुळे इथे वाटाड्याचे सांगणे ऐकायचे. वाचायचे काम लिहिलेल्या शिळांपाशी सुरू होते. त्यासाठी नवगावबरोबर समाजाची नंतरची कबरस्तानेही पाहावीत.

शिळा वाचताना आधी आडनाव पाहावे. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर: घराणे कोणत्या गावातून आले, ते तिथेच कळते. मग नाव. सॅम्युअल इझिकेलचा कोकणात सामाजी हसाजी होई. याच नावाच्या दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईचे पहिले सिनेगॉग बांधले. नावाआधी सुभेदारासारखा हुद्दा दिसला, तर माणूस इंग्रजांच्या पलटणीत होता. तेलघाण्याकडून फौजेकडे गेलेल्या समाजाचा इतिहास अशा हुद्द्यांतून कळतो.

मराठीशेजारी हिब्रू मजकूर असेल तर तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. सुरुवातीची पे आणि नून ही दोन अक्षरे म्हणजे ‘येथे पुरले आहे’. शेवटच्या पाच अक्षरांत मृताच्या आत्म्याला अक्षय जीवन लाभो, अशी प्रार्थना असते. साल अक्षरांतच लिहितात, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य आहे. ताव 400, रेश 200, सामेख 60, मिळून 660. हजाराचा आकडा, म्हणजे 5000, बहुधा गाळलेला असतो. शकात आपण 78 मिळवतो, तसे इथे इसवी सनासाठी 1240 मिळवायचे: 660 चे 1900 होते. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलते, म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर आलेल्या सालातून एक वजा करावा.

यहुदी धर्मात कबर कायमची मानतात; जुनी उकरून जागा मोकळी करत नाहीत. प्रागच्या जुन्या यहुदी कबरस्तानात जागा संपली, तेव्हा वर माती टाकून काही ठिकाणी बाराच्या आसपास थर रचले गेले.

फेरी संपताना कबरीवर लहान खडा ठेवतात. कोणीतरी येऊन गेल्याची ती खूण. बाहेर पडल्यावर हात धुवायचे.

1948 नंतर कोकणातली बरीच घराणी इस्रायलला गेली. कबरींची विचारपूस करणारे नातलग आता जवळ नाहीत. म्हणून एक विनंती: अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिळेवर खडू किंवा चुना घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, परवानगी घेऊन, स्वच्छ फोटो काढा आणि त्याची एक प्रत सिनेगॉगला द्या. परदेशातल्या एखाद्या नातवाला आजोबांची कबर त्यावरूनच सापडू शकेल.