बंडाच्या छावणीतील साक्षीदार : ‘माझा प्रवास’च्या वाचनासंबंधी काही विचार

बंडखोरांच्या छावणीत जाऊन परतलेल्या पत्रकाराचा वृत्तान्त हा आता परिचित लेखनप्रकार आहे. २०१० साली अरुंधती रॉय यांनी दंडकारण्यातील माओवाद्यांच्या सहवासावर ‘आउटलुक’ साप्ताहिकात दीर्घ लेख लिहिला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी तीव्र चर्चा झाली. अशा लेखनाविषयी तीन प्रश्न अटळ असतात : लेखकाला प्रवेश कशामुळे मिळाला, त्याने लिहिले केव्हा, आणि ते वाचकापर्यंत कोणाच्या हातून आले? मराठीत हे प्रश्न ज्या ग्रंथाला सर्वप्रथम विचारावयास हवेत, तो म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

गोडसे नवी मुंबईच्या दक्षिणेकडील पेण तालुक्यातल्या वरसईचे. कर्जाने गांजलेला हा भिक्षुक १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्यासह उत्तरेकडे निघाला. महूच्या परिसरात शिपायांकडून त्याला उठावाची वार्ता कळली, आणि पुढे मार्च-एप्रिल १८५८ मध्ये तो वेढा पडलेल्या झाशीतच सापडला. त्याला आत नेले ते जिज्ञासेने नव्हे, दारिद्र्याने. बंडाचा पुरस्कार वा निषेध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. म्हणूनच तोफगोळ्यांइतकेच दक्षिणेचे, अन्नाचे व पाण्याचे तपशील त्याच्या निवेदनात येतात, आणि शहर पडल्यानंतरची कत्तल व लूट लपून बसलेल्या सामान्य माणसाच्या नजरेतून दिसते.

याच सुमारास ‘टाइम्स’चा प्रसिद्ध युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल लखनौला इंग्रज सेनेबरोबर होता. इंग्रजांच्या सूडबुद्धीवर त्याने टीका केली, हे खरे. तथापि त्याची जागा विजेत्यांच्या तळावर होती. त्याची रोजनिशी १८६० मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गोडसे यांनी मात्र आपली हकिगत १८८३ च्या सुमारास, सुमारे पंचवीस वर्षांनंतर, लिहिली. पत्रकाराच्या टिपणाला जी तात्कालिकता असते ती येथे नाही. येथे स्मृती आहे, आणि दीर्घकाळ तोंडी सांगत आलेल्या गोष्टीला येणारा घाटही आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली राणीची भेट वाचताना हा घाट विशेष जाणवतो. त्यामुळे प्रसंग खोटा ठरत नाही. मात्र त्याचे वाचन दस्तऐवज म्हणून आणि कथन म्हणून, असे दुहेरी करावे लागते.

त्या काळी बंडाविषयी लिहिणे किती जोखमीचे होते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मवृत्त व दैनंदिनी १८७९ साली सरकारच्या हाती लागली आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरली. फेब्रुवारी १८८३ मध्ये एडनच्या कारागृहात त्यांचा अंत झाला. या घटनेचा गोडसे यांच्या लेखनाशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या काळात त्यांनी लेखणी हाती घेतली, त्या काळाचे स्वरूप यावरून कळते. स्वतः लढणाऱ्याचे लेखन पुरावा ठरते. पाहणाऱ्याचे लेखन थांबून राहते.

गोडसे यांची हकिगतही थांबली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनातून १९६६ साली उपलब्ध झाली. म्हणजे प्रत्यक्ष घटना आणि विश्वसनीय संहिता यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. वैद्यांच्या प्रतीवरून गोडसे यांच्या शैलीविषयी निष्कर्ष काढणे, म्हणजे संपादकाची भाषा साक्षीदाराच्या तोंडी घालणे होय. पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ शिकविताना दोन्ही प्रती समोर ठेवून एखादे प्रकरण ताडून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

छावणीचा वृत्तान्त आजचा असो वा १८५८ चा, त्याची सत्यता केवळ ‘मी तेथे होतो’ या विधानावर उभी राहत नाही. साक्षीदाराची गरज, त्याचे भय, मधला काळ आणि संपादकाचा हात या साऱ्यांचा हिशेब मांडल्यावर जे उरते, ते अधिक भरवशाचे असते. गोडसे यांच्या बाबतीत असे उरणारे पुष्कळ आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही कागदपत्रात या रूपात सापडत नाही.