दहा मीटर शेपटीचा कोंबडा

लहानपणी आमच्या परसात कोंबड्या होत्या. पावसाळा सरला, की त्यांची पिसं गळायला लागायची. एकदा आमच्या रुबाबदार कोंबड्याची शेपटीच नाहीशी झालेली पाहून मी रडायला लागले. आजी म्हणाली, ‘‘अगं, जुनं टाकल्याशिवाय नवं कसं येईल?’’

आजीचा हा नियम न पाळणारा एक कोंबडा जपानमध्ये आहे. शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातली, म्हणजे जुन्या तोसामधली, ही ‘ओनागादोरी’ जात. ‘ओ’ म्हणजे शेपटी, ‘नागा’ म्हणजे लांब आणि ‘दोरी’ म्हणजे पक्षी. आपल्याला ‘दोरी’ ऐकून हसू येतं. पण ही शेपटी खरोखरच दोरीसारखी लांबत जाते!

इतर कोंबड्यांची पिसं साधारण वर्षातून एकदा गळतात आणि नवी येतात. ओनागादोरी कोंबड्याच्या शेपटीतली काही पिसं मात्र गळतच नाहीत, मुळाशी वाढत राहतात. वर्षाला पाऊण मीटरच्या आसपास. दहा मीटरहून लांब शेपटीची नोंद आहे. हिशेब करा, तेवढ्यासाठी तेरा-चौदा वर्षं कोंबडा जपायला हवा. मादीची शेपटी साधीच. पण हा गुण आनुवंशिक असल्याने तिच्याकडूनही तो पिल्लांत उतरतो.

जपानने १९५२ मध्ये या जातीला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ ठरवलं. पण या मानाची किंमत कोंबडा मोजतो. जमिनीवर शेपटी मळते, तुटते. म्हणून त्याला ‘तोमेबाको’ नावाच्या उंच, अरुंद लाकडी पेटीत दांडीवर बसवून ठेवण्याची रीत पडली. फिरायला काढायचं, तर माणसाने मागून शेपटी सांभाळायची. उकिरडा उकरणं, धुळीत अंग घुसळणं हे कोंबड्याचं रोजचं सुख त्याच्या वाट्याला फारसं येत नाही.

पाळणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. न गळण्याचा गुण रक्तात असतो, शेपटीच्या लांबीत नाही. अंगणात हिंडून शेपटी तुटलेला कोंबडाही तोच गुण पुढच्या पिढीला देतो. जात टिकवायला चांगली जोडी आणि निगा पुरते. पेटी लागते ती विक्रमासाठी. दहा मीटरच्या शेपटीपेक्षा दोन मीटरची मिरवत माती उकरणारा कोंबडा पाहायला मला जास्त आवडेल.