हळू बोलणारी गिटार

मंडळी, मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलं. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबरच संपला होता. तरी आज बोलणार आहे ते विजेच्या गिटारबद्दल, आणि तिचा आवाज वाढवणाऱ्या एका छोट्या डबीबद्दल. ही डबी पायाशी ठेवून पायानं दाबायची असते, म्हणून तिला पेडल म्हणतात. आवाज वाढवते म्हणून बूस्टर.

माझी आपा लातूरला दिलेली. तिचा धाकटा मुलगा एका ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवतो. लग्नाचं रिसेप्शन, हळदीचा कार्यक्रम, शाळा-कॉलेजांची गॅदरिंगं, असं काम. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आमच्या घरात दखनी बोलतात, त्यामुळे तो म्हणाला, ''मामू, मेरा गिटार सुनाईच नई देता.'' पार्टीच्या मालकानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, बाबा, कीबोर्डमधून गिटारचाही आवाज निघतो. मग तुझी वेगळी हजेरी मी कशाला देऊ? लग्नसराई तोंडावर होती. पोरानं चार हजार रुपये जमवले होते आणि त्यात सगळ्यात 'पॉवरफुल' पेडल आणायचं त्याच्या मनात होतं.

मी म्हटलं, थांब. आधी नांदेडला ये, येताना गिटार घेऊन ये.

का थांब म्हटलं, ते सांगतो. याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, कव्वालीच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे अमेरिकेतला तो गोल चामड्याचा नव्हे, आपला. लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. कुणी त्याला बुलबुलतरंग म्हणतं. मूळ वाद्य जपानचं. नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता यांनी ते बनवलं, तिथं त्याला ताइशोगोतो म्हणतात. फिरत फिरत ते आपल्याकडं आलं आणि कव्वालीत, गणपतीच्या मिरवणुकीत असं रमलं की 2016 साली त्याच्या नावाचा हिंदी सिनेमाही निघाला. त्यात बेंजोवाल्याचं काम आपल्या लातूरच्याच रितेश देशमुखांनी केलं. तर मेहुण्यांच्या बेंजोलाही हीच तक्रार होती. उरुसात ढोलक आणि टाळ्यांपुढे तो कुणाला ऐकू जायचा नाही. तेव्हा वजिराबादेतल्या एका रेडिओ मेकॅनिकनं त्यांना एक ट्रान्झिस्टर बसवलेली छोटीशी डबी करून दिली होती. ते गृहस्थ आता सत्तरीपलीकडचे आहेत, दुकान मुलाकडं आहे. पण हात थरथरत नाही अजून.

भाचा सकाळच्या एस.टी.नं अहमदपूर, लोहा करत आला. आम्ही थेट दुकानात गेलो.

आता विजेची गिटार बोलते कशी, हे मला त्या दिवशी कळलं, तसं सांगतो. साध्या गिटारच्या पोटात पोकळी असते, ती आवाज घुमवते. विजेच्या गिटारला पोटच नाही, भरीव फळी असते. तिच्या तारांखाली पिकअप नावाची पट्टी बसवलेली असते. त्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. मायकेल फॅरडेनं 1831 साली जो नियम शोधला, तोच. आपल्या धरणावरचं जनित्र चालतं तेही त्याच नियमानं. फक्त इथली वीज अगदी किरकोळ, व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वेढे कमी किंवा चुंबक मऊ असेल तर आणखी कमी. अशा पिकअपला कमी आउटपुटचा म्हणतात.

म्हाताऱ्यांनी मीटर लावला. साडेपाच हजार ओहम. ''कमी वेढ्यांचा आहे,'' ते म्हणाले, ''पण खराब नाही. उलट असले पिकअप स्वच्छ बोलतात. याला बदलू नकोस.'' भाच्याचा चेहरा उतरला. त्याला दोष पिकअपमध्येच हवा होता.

मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. पहिली उंची. पिकअपच्या दोन्ही टोकांना स्क्रू असतात, ते फिरवले की पट्टी तारांजवळ येते. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली, तर तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असावं. याच्या गिटारमध्ये ते सहा मिलिमीटर होतं. स्क्रू फिरवल्यावर आवाज लगेच उठला, फुकटात. फार जवळ नेऊनही चालत नाही. चुंबक तारेला ओढून धरतो आणि सूर बिघडतो. दुसरी गोष्ट तारा. साध्या गिटारच्या काशाच्या तारा विजेच्या गिटारला चढवल्या, तर चुंबकाला काशाचं वेटोळं दिसतच नाही, फक्त आतली पोलादी तार दिसते. खर्ज कमजोर होतो. याच्या तारा बरोबर होत्या, फक्त गंजल्या होत्या.

मग ते म्हणाले, ''कार्यक्रमात वायर कुठं घालतोस?''

''मिक्सरमध्ये.''

म्हातारे हसले. खरं दुखणं तिथं होतं.

मिक्सर म्हणजे साऊंडवाल्याचा, चटणीचा नव्हे. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात गिटारसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कोण आणतो? गायकाचा माइक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळं एकाच मिक्सरला जातं. कीबोर्डला अडचण येत नाही, त्याच्या आतच वीज जोरकस करून बाहेर देणारी सोय असते. गिटारच्या पिकअपला तशी सोय नाही. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दारात दहा लाख ओहमचा विरोध ठेवतो, म्हणजे पिकअपकडून जवळपास काहीच ओढत नाही, नुसतं ऐकतो. मिक्सरच्या लाइनच्या दारात हाच विरोध दहा-वीस हजार ओहम असतो. तो ओढतो.

हे मला समजेना. तेव्हा त्यांनी विहिरीचं उदाहरण दिलं. बारीक झऱ्याची विहीर आहे. घागरीनं शेंदलं तर दिवसभर पुरते. पाच हॉर्सपॉवरची मोटर टाकली तर दहा मिनिटांत तळ दिसतो, आणि लोक म्हणतात विहीर कोरडी आहे. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या पोराला यापुढं काही सांगावं लागलं नाही.

मिक्सरला थेट जोडली की गिटारचा आवाज पडतो, आणि वरचे चमकदार सूर तर जवळजवळ मरूनच जातात. त्यात साऊंडवाला मंडपाच्या टोकाला बसलेला, वायर पंधरा मीटर. पिकअपची वीज लांब वायरमध्येही वरचे सूर गमावते. सहा मीटरच्या पुढं ते कानाला जाणवू लागतं. भाच्याची गिटार ऐकू न येण्याचं निम्मं कारण हे होतं. काही मिक्सरवर गिटारसाठी वेगळं बटण असतं, तिथं हा त्रास होत नाही. पण भाड्याच्या मिक्सरवर ते असेलच असं धरून चालता येत नाही.

म्हणून बूस्टर लागतोच, पण तो का लागतो हे आता बदललं. त्याचं पहिलं काम पिकअपच्या दारात नम्रपणे उभं राहायचं, म्हणजे स्वतःचा विरोध पाच ते दहा लाख ओहम ठेवायचा. दुसरं काम, पुढच्या लांब वायरला आणि मिक्सरला स्वतःच्या ताकदीनं वीज पुरवायची. आवाज किती पट करतो, हे तिसरं. दुकानात मात्र डबीवर मोठ्या अक्षरांत हे तिसरंच छापलेलं असतं.

ते डेसिबलमध्ये छापतात. सहा डेसिबल म्हणजे विजेचा दाब दुप्पट, वीस म्हणजे दहापट. एमएक्सआर कंपनीचा मायक्रो अ‍ॅम्प नावाचा जुना प्रसिद्ध बूस्टर सव्वीसपर्यंत जातो, म्हणजे वीसपट. एवढं आम्हाला कशाला? कमजोर पिकअपला जोरदार पिकअपच्या बरोबरीला आणायला सहा ते दहा डेसिबल पुष्कळ झाले.

इथं भाच्यानं इंग्रजी नावं काढली. मोठमोठे गिटारवाले बूस्टर लावायचे ते आवाज फाडण्यासाठी, तेव्हा आपणही तसाच घ्यावा, असं त्याचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. 1960 च्या दशकात इंग्लंडात डॅलस कंपनीचा रेंजमास्टर निघाला, तो वरचे सूर उचलायचा. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-वन आला, एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारा. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरना जास्त वीज पाजली की ते गोड फाटायचे. तीच खुबी होती. आपल्या मंडपातल्या मिक्सरला जास्त पाजलं तर तो गोड फाटत नाही, नुसता करकरतो. म्हणून आम्हाला हवा होता स्वच्छ बूस्टर, जो आहे तोच आवाज उचलतो, आपला रंग घालत नाही.

आणि बूस्टरला चांगलं-वाईट कळत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. माझा आवाज बारीक. एका मुशायऱ्यात साऊंडवाल्यानं माझ्यासाठी माइक वाढवला, तर माझ्या गझलेबरोबर पंख्याची घरघर, माझ्या कागदांची फडफड आणि मागच्या शायराचं पान चघळणंही साऱ्या मैदानानं ऐकलं. दाद कशाला मिळाली, कोण जाणे. एकेरी वेढ्यांचा पिकअप असाच भोवतालची गुणगुण पकडतो. मंडपात लाइटच्या माळा, डिमर, जनरेटर, सगळ्यांची पन्नास हर्ट्झची घूं त्याच्यात शिरते. बूस्टर तिलाही तेवढीच मोठी करतो. त्यावर उपाय साधेच. लाइटच्या खोक्यांपासून लांब उभं राहायचं, अंगाचा कोन थोडा बदलून घूं कुठं कमी होते ते पाहायचं, आणि डबीची कळ लागेल तेवढीच फिरवायची. माइकला ओठ लागून झटका बसत असेल, तर मात्र गिटार खाली ठेवून आधी अर्थिंग बघायला सांगावं. तिथं जिवाचा प्रश्न असतो, आणि त्यावर कुठलंही पेडल चालत नाही.

वीज द्यायची नऊ व्होल्टची. अ‍ॅडॅप्टर लावायचा तर बहुतेक पेडलांना मधली पिन ऋण लागते. घरातला कुठलाही जुना अ‍ॅडॅप्टर खुपसला तर डबी जळू शकते. बॅटरीवर चालवलं तर अ‍ॅडॅप्टरची घूं टळते. पण गिटारची वायर डबीत खुपसली की बॅटरी सुरू होते, मग पायानं बटण दाबा की न दाबा. कार्यक्रम संपला की वायर उपटायची. हे न कळल्यानं मेहुण्यांनी आयुष्यात किती बॅटऱ्या घातल्या असतील!

दोन दुकानांत आम्ही गिटार घेऊन गेलो. एकात दुकानदार त्याचीच भारी गिटार जोडून दाखवू लागला. भाच्यानं नम्रपणे आपली पुढं केली. बरोबर केलं. कमजोर पिकअपसाठी पेडल घ्यायचं आणि जोरदार पिकअपवर ऐकायचं, याला काय अर्थ? शेवटी एक वापरलेला साधा बूस्टर मिळाला. एक कळ आवाजाची, दोन छोट्या खर्ज आणि तारसप्तकासाठी. अठराशे रुपये. उरलेल्या पैशांत नव्या तारा, तीन मीटरची चांगली वायर, आणि आपासाठी त्यानं काहीतरी घेतलं, ते मला दाखवलं नाही.

डिसेंबरात औसा रोडवरच्या एका लॉनवर त्याचा कार्यक्रम होता. मी मागच्या रांगेत, आइस्क्रीमच्या टेबलाजवळ बसलो. पहिल्या दोन गाण्यांत मला फक्त ढोलक आणि कीबोर्ड कळले. तिसऱ्याच्या मधल्या तुकड्यात त्यानं पाय दाबला आणि गिटार आली. मोठी नव्हती, पण एकेक स्वर वेगळा ऐकू येत होता. शेजारच्या पोरानं आइस्क्रीम खाणं थांबवलं नाही, पण मान वर केली.

मालकानं हजेरी वाढवली नाही. मात्र पुढच्या चार तारखांना त्याचं नाव लिहून घेतलं. सामान आवरताना भाचा माझ्याकडं हसत आला, तर डबीवरचा लाल दिवा तसाच चालू होता. मी म्हटलं, ''बेटा, आधी वायर उपट.''