ऱ्हासाच्या दोन तक्रारी: ब्राउझर आणि लोकप्रिय गाणे

ज्यांच्या आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे संगणकासमोर गेली आहेत, अशा मंडळींत दोन तक्रारी हमखास जोडीने ऐकू येतात. पहिली अशी की ब्राउझर, म्हणजे महाजालावरील पाने उघडून दाखवणारी आज्ञावली, आता कोणताही घेतला तरी सारखाच. आणि दुसरी अशी की लोकप्रिय गाणे पूर्वीसारखे राहिलेले नाही, जे ऐकावे ते एकाच साच्यातून काढलेले. दोन्ही तक्रारी आवडीनिवडीच्या समजल्या जातात आणि म्हणून कोणी त्यांच्या खोलात जात नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकसारखेपणाचा जो आरोप आहे तो मोजून पाहता येतो, आणि तसा पाहिल्यास ब्राउझरविषयीची तक्रार बरीचशी खरी ठरते, तर गाण्याविषयीची जेमतेम अर्धी टिकते.

ब्राउझरचे बाहेरचे अंग, म्हणजे पत्त्याची पट्टी, टॅब, बुकमार्क आणि रंगसंगती, प्रत्येक कंपनी आपापल्या परीने सजवते. खरे काम आतले इंजिन करते. सर्व्हरकडून येणारी एचटीएमएल संहिता वाचणे, तीवरून पानाची मांडणी ठरवणे आणि अक्षरे पडद्यावर उमटवणे हे त्याचे काम, आणि ते किती किचकट असते याची कल्पना देवनागरीवरून सहज येते. ‘राष्ट्र’ हा शब्द सर्व्हरकडून येतो तेव्हा र, काना, ष, हलन्त, ट, पुन्हा हलन्त आणि र असे सात सुटे युनिकोड क्रमांक ओळीने येतात. त्यांतून ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर कसे बांधायचे, हे फॉन्टमधील नियम पाहून ब्राउझरला ठरवावे लागते. क्रोम आणि फायरफॉक्स हे एरवीचे प्रतिस्पर्धी या कामासाठी हार्फबझ नावाची एकच मुक्तस्रोत आज्ञावली वापरतात आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. एखादी गोष्ट सामायिक असणे वेगळे आणि तिच्यावर एकाची मक्तेदारी असणे वेगळे.

मक्तेदारीची झळ मराठी वाचकाला एकदा लागून गेलेली आहे. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजसोबत फुकट दिल्यावर नेटस्केप हा प्रतिस्पर्धी ब्राउझर मागे पडला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तरीही २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती येईपर्यंत बाजार जवळजवळ संपूर्णपणे एक्सप्लोररच्या हाती गेला होता, आणि स्पर्धाच न उरल्यामुळे सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडले. त्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोडऐवजी आपापले खासगी फॉन्ट वापरत असत, आणि ते फॉन्ट पानासोबत आपोआप उतरवून घेण्याची सोय मुख्यत्वे एक्सप्लोररमध्येच असल्याने इतर ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसत असे. शोधयंत्रांनाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे, त्यामुळे त्या वर्षांतील बरेच मराठी लेखन महाजालावर असूनही शोधून सापडण्याजोगे राहिले नाही. एकाच ब्राउझरवर विसंबून संकेतस्थळे उभारल्याची ही किंमत होती.

ती कोंडी नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सने फोडली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम आणले. क्रोमचे यश केवळ जाहिरातबाजीचे नव्हते, कारण प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रक्रियेत चालवून एका पानाच्या बिघाडाने सगळा ब्राउझर कोसळू न देण्याची त्याची रचना खरोखरच सरस होती. पुढे मात्र इंजिनांची गळती सुरू झाली. ऑपेराने २०१३ मध्ये प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन सोडून दिले. गुगलने त्याच वर्षी ॲपलच्या वेबकिटपासून फारकत घेऊन ब्लिंक हे इंजिन काढले. आणि मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःच्या इंजिनाचा नाद सोडत असल्याचे जाहीर करून २०२० मध्ये ब्लिंकवर चालणारा एज बाजारात आणला. आज ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज आणि सॅमसंग इंटरनेट ही नावे वेगळी असली तरी आत ब्लिंकच आहे. मोठ्या वापराची इंजिने तीनच उरली: गुगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको, त्यांतले तिसरे ज्या फायरफॉक्समध्ये आहे त्याचा बहुतेक खर्च गुगलचे शोधयंत्र मूळ पर्याय म्हणून ठेवण्याच्या मोबदल्यातून भागतो, ही गंमत वेगळीच.

एका इंजिनाचे वर्चस्व निर्माण झाले की त्याचे वागणे हेच व्यवहारातले मानक होऊन बसते, आणि त्या वागण्यात मालकाचे हित मिसळणे अटळ असते. क्रोमने एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पूरक आज्ञावल्यांसाठी, ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ ही नवी नियमावली लागू केली, तेव्हा युब्लॉक ओरिजिन या जाहिरातरोधकाची मूळ आवृत्ती तेथे बंद पडली, फायरफॉक्समध्ये मात्र ती चालू राहिली. या बदलासाठी सुरक्षिततेचे कारण दिले गेले आणि त्यात तथ्यही आहे. तथापि गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, ही बाब नजरेआड करून त्या निर्णयाचे मूल्यमापन करता येत नाही.

याच वाटेवर ब्राउझर आणि गाणे यांची गाठ पडते, कारण ब्राउझर हाच आता पुष्कळांचा ग्रामोफोन आहे. चित्रफिती आणि गाणी नक्कल करता न येतील अशा रीतीने कुलूपबंद स्वरूपात पाठवण्याची पद्धत २०१७ मध्ये महाजालाच्या मानक संस्थेने, म्हणजे डब्ल्यू-थ्री-सीने, मान्य केली. ती मान्य होताच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही नागरी हक्कांची संघटना निषेध म्हणून त्या संस्थेतून बाहेर पडली. कुलूप उघडणारा जो भाग सर्वाधिक प्रचलित आहे, तो वाइडवाइन, गुगलच्याच मालकीचा असून स्पॉटिफायची ब्राउझरमधील आवृत्तीही त्यावर अवलंबून आहे. नवा ब्राउझर कोणीही लिहावा, त्यात पाने उघडतील. गाणे वाजण्यासाठी मात्र प्रतिस्पर्ध्याच्या परवान्याची वाट पाहावी लागते.

गाण्याच्या ऱ्हासाची तक्रार याहून निसरडी आहे. बार्सिलोनातील संशोधक जोन सेर्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे संगणकाने तपासली, तेव्हा एका सुरावटीकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटा कमी झाल्याचे, वाद्यध्वनींची विविधता घटल्याचे आणि ध्वनीची पातळी सतत चढत गेल्याचे त्यांना आढळले, आणि वृत्तपत्रांनी लगेच संगीत मेल्याचे मथळे दिले. मात्र लंडनमधील मथायस माउख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९६० ते २०१० या काळातील अमेरिकी ‘हॉट १००’ यादीतील सुमारे १७,००० गाणी वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा सलग घसरण अशी दिसलीच नाही. वैविध्याला खळ पडली होती ती १९८०च्या दशकाच्या मध्यात, ज्या दशकाच्या गाण्यांसाठी आज सर्वाधिक उसासे टाकले जातात; आणि १९६४, १९८३ व १९९१ या तीन वर्षांच्या आसपास गाण्याचे रूप झपाट्याने पालटले होते, त्यांतला शेवटचा पालट रॅपच्या उदयाने घडवला. लोकप्रिय गाण्याने कात टाकली की मागल्या पिढीला ते मेल्यासारखे वाटते, एवढाच निष्कर्ष या अभ्यासावरून निघतो.

जी गोष्ट निःसंशय बिघडली ती आवाजाची. सीडीवरील डिजिटल ध्वनीला एक पक्की वरची मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे काहीही नोंदवता येत नाही. तेव्हा शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे ऐकू यावे म्हणून कॉम्प्रेसर आणि लिमिटर या साधनांनी मोठे आवाज दाबून आणि सगळी पातळी वर उचलून हळू आणि जोरदार यांतले अंतरच निर्मात्यांनी पुसून टाकले. मेटॅलिका या चमूच्या २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये ही दाबादाबी इतकी झाली की तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ खेळात अधिक मोकळी वाजतात, हे चाहत्यांनी स्वतःच शोधून काढले. यावरचा उतारा ऑनलाइन सेवांनीच आणला, हे तक्रारखोरांनी मान्य करायला हवे: स्पॉटिफाय आता सर्व गाणी सरासरी एका पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे मुद्दाम मोठे केलेले गाणे खाली खेचले जाते आणि ते दाबण्याचा सारा खटाटोप फुकट जातो.

त्याच सेवांनी दुसरीकडे गाण्याची घडण बदलली. गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते स्पॉटिफायच्या मोजणीत धरले जाते. आणि अमेरिकेतील पहिल्या दहांत आलेल्या गाण्यांच्या एका अभ्यासात, १९८०च्या दशकाच्या मध्यात २० सेकंदांहून लांब असणारा सुरुवातीचा वाद्यमेळ २०१५ पर्यंत सुमारे ५ सेकंदांवर आल्याचे दिसून आले. पण साधनाने गाण्याला आकार देणे नवे नाही. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान यांना ख्याल तेवढ्यात बसवावा लागला, आणि रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ रंगणारी बालगंधर्वांची पदे तबकडीवर आली ती याच कात्रीतून. त्या आखूड पदांना आज कोणी ऱ्हास म्हणत नाही.

म्हणून दोन्ही तक्रारींना एकाच तागडीत तोलणे चुकीचे ठरते. गाणे ज्याला रुचत नाही त्याला दुसरे ऐकता येते, आणि जुनी ध्वनिमुद्रणे पूर्वी कधी नव्हती इतकी सहज मिळतात; ब्राउझरचे इंजिन मात्र एकदा बंद पडले की त्याच्या जागी नवे उभारायला शेकडो माणसांची कित्येक वर्षांची मेहनत लागते. शिवाय पर्याय निवडल्याचे समाधानही कधीकधी फसवे असते. भारतात घेतलेल्या आयफोनवर क्रोम उतरवला काय किंवा फायरफॉक्स उतरवला काय, ॲपलच्या नियमामुळे दोन्हींच्या आत वेबकिटच चालते. युरोपीय संघात तेथील डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून या नियमाला सूट मिळाली आहे, भारतातील ग्राहकाला तशी सूट नाही.